खाजणातलं मेलेलं गवत

विभाताई फरशीवर मांडी घालून गवत निवडत होती. मेथी निवडावी तसं. हिरवी काडी उजवीकडे, वाळलेली डावीकडे. देवगडकडच्या एका खाजणातून, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या चिखलातून, कापलेलं गवत पोत्यांतून रेल्वेनं लखनौला यायचं, आणि अख्ख्या लॅबला सुकटीचा वास सुटायचा.

"मॅडम, आज फिर मछली?" येणारा-जाणारा नाक दाबून विचारायचा.

"हाँ, खाओगे?" ताई मान वर न करता.

जानकीपुरमला भाड्याची खोली, नोकरी कॉन्ट्रॅक्टची, जीभ मिरचीची. खाजण तिच्या आजोळचं. त्यावर भराव घालून रस्ता न्यायचा होता, आणि वर्षभरात तिथं किती गवत उगवतं ते लॅबनं मोजून सांगायचं होतं. आकडा कमी आला की जागा नापीक. मग ओता माती.

तिचे साहेब रमाकांत सर म्हणाले, "अगं, वाळलेलं कशाला जमवतेस? हिरवं मोज आणि मोकळी हो."

"सर, हेही यंदाच उगवलं ना? मेलं म्हणून काय जन्मलंच नव्हतं?"

"मोज बाई. पण सोमवारी रिपोर्ट जाणार."

वजनाआधी गवत सुकवायचा ओव्हन हिरव्यानं भरलेला. म्हणून वाळलेल्याच्या पिशव्या ताईनं मागच्या व्हरांड्यात रचल्या. डिसेंबरचा कोहरा, दाट धुकं, हाडं कडकडायची.

सोमवारी व्हरांडा रिकामा.

गेटवरचे मिश्राजी गार्ड हात जोडून उभे. "मैडम, हम समझे कचरा है. शुक्रवार को अलाव में डाल दिया." म्हणजे शेकोटीत.

सगळे श्वास धरून थांबले. चहात साखर जास्त पडली तरी कॅन्टीनवाल्याची सात पिढ्यांची उजळणी करणारी बाई ही! पण ताई गप्प. पांढरीफटक.

सर म्हणाले, "गार्डची लेखी तक्रार दे. मग रिपोर्ट थांबवता येईल."

ताईनं मान हलवली. नाही.

रिपोर्ट नुसत्या हिरव्यावर गेला. खाजण नापीक ठरलं. डंपर लागले. लोक म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट वाचवायला आजोळ विकलं. काय घंटा वाचलं? मार्चमध्ये तिलाही घरी पाठवलं. ताई कुणाला एका शब्दानं बोलली नाही, आणि बोलणाऱ्यांनी तिला एकदाही विचारलं नाही.

मिश्राजी आता आलमबागच्या बस अड्ड्यावर असतात. खरं काय ते त्यांनीच सांगितलं, पुढं कितीतरी दिवसांनी. त्या शुक्रवारी संध्याकाळी ऑटो मिळेना म्हणून ताई त्यांच्या शेकोटीपाशी थांबली होती. त्यांनी स्वतःचं स्टूल दिलं. कोहऱ्यात समोरचं दिसत नव्हतं. ताई हात शेकत हसून म्हणाली होती, "भैया, आज धुएँ में हमारे गाँव की महक है. थोड़ा और डालिए."