मिसळलेल्या डाळी

दुपारची जेवणं झाली, घर शांत झालं, की मला सुपाचा आवाज येतो. फट्, फट्, सर्र. आमच्या भिलाईतल्या, कोहका वस्तीतल्या घरात सूप एकच, आणि ते तेव्हा माझ्याच मांडीवर असतं. तरी आवाज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून येतो. मी तिकडे बघत नाही. आत्याबाई दिसल्या तर त्यांना काय तोंड दाखवू?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांना स्टील प्लांटात नोकरी लागली तेव्हा त्या भंडाऱ्याकडून भिलाईला आल्या आणि भोंग्याच्या ठोक्यावर तीन पाळ्यांचे डबे भरत म्हाताऱ्या झाल्या. दुपारी मात्र सूप घेऊन बसायच्या. तांदळातला खडा सापडला की त्याला दोन शिव्या घालून बाहेर टाकायच्या.

मी तेव्हा पस्तिशीची, मॅट्रिक पास, म्हणजे जगातली सगळी अक्कल पदरात बांधून फिरणारी. आमच्या क्वार्टरच्या ओळीत सुनेची परीक्षा एकच असायची: सासू रिकामी बसते की नाही. मला तर पहिला नंबर पाहिजे होता! आधी त्यांची भाजी चिरणं बंद केलं, मग बाजार. शेवटी सूप.

"माया हातातलं सूप कावून घेतलं वं?"

"आराम करा न, आत्याबाई. आता तांदूळ साफच येते. लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले डोळे हायेत. हात मले हायेत."

मी हसले. केवढी शहाणी होते! ओळीतल्या बायकांना सांगत सुटले, काडीसुद्धा उचलू देत नाही मी त्यांना.

वर्ष-दोन वर्षांत आत्याबाई स्वतःच्या मांडीवर निवडायला लागल्या. सूप नाही, तांदूळ नाही. साडीवरची एकेक बुट्टी चिमटीत धरायची आणि बाजूला टाकायची. दिवसभर. एकदा मी हात धरला तर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू कोनाची पोरगी वं? मले काम करू दे." गेल्या तेव्हाही बोटं तशीच चिमटीत होती. मी ती सरळ करायला बघितली. झाली नाहीत.

काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांना विचारलं, सूप काढून घेतल्यानं तसं होतं का? ते म्हणाले, "ऐसा नहीं कह सकते, माताजी. पर आप चलिए, लोगों से बोलिए, नया सीखिए, नींद पूरी कीजिए, हाथ चलते रखिए." पहिलं वाक्य दिलाशाचं होतं. माझ्या डोक्यात शेवटचं बसलं.

तेव्हापासून मी रोज हुडकोच्या बाजारापर्यंत पायी जाते. जाते एका गल्लीनं, येते दुसरीनं. काय आणायचं ते लिहून नेत नाही. एखादा दिवस कोथिंबीर राहते, तर राहते. भाजीवालीशी छत्तीसगढ़ी बोलते, ती पोट धरून हसते, हसू दे. झोपताना मोबाईल बाहेरच्या खोलीत. आणि दुपारी निवडणं. पण निवडायचं काय? डाळी पाकिटातून स्वच्छ येतात. म्हणून मी मूग आणि मसूर एकत्र करते आणि पुन्हा वेगळे करते. सुनेला न सांगता.

सून शाळेत शिकवते. एका दुपारी ती लवकर घरी आली, तेव्हा मी एका डब्यातली डाळ दुसऱ्या डब्यात ओतत होते.

"आई, काय करून राहिल्या तुम्ही?"

"मिसळून राहिली."

"कावून?"

"निवडाले!"

तिचा चेहरा बघून मला हसू फुटलं. तिथंच चुकलं. संध्याकाळी ती माझ्या मुलाला हळूच म्हणाली, "माँ को डॉक्टर को दिखाना पड़ेगा." आणि सकाळी सूप कपाटाच्या वर, माझा हात पोचणार नाही असं.

"आराम करा न, आई," ती म्हणाली.

शब्द माझेच होते, आवाज तेवढा वेगळा. मग मी तिला खाली बसवलं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं, साडीवरच्या बुट्ट्यांपासून त्या बोटांपर्यंत. ती उठली. स्टुलावर चढली आणि सूप खाली काढून माझ्यासमोर ठेवलं.

गेल्या रविवारी दुपारी डबा उघडला, तर मूग-मसूर आधीच एकत्र. मी कधी मिसळले? काल? सकाळी? डोक्यात शोधशोध शोधलं, काहीच हाती लागेना. कोपऱ्यात आवाज सुरू झाला. फट्, फट्.

"मीच मिसळल्या सकाळी," कणीक मळता मळता सून म्हणाली. "म्हटलं, तुमचं एक काम वाचीन."

खोटं बोलताना ती कान चाचपते. हे मला पक्कं ठाऊक. पण तिचे दोन्ही हात कणकेत होते.

मी पुढं विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. सूप दोघींच्या मध्ये ओढलं. "हात धुऊन ये इथं. मसूर तुयी, मूग माये."

ती आली, बसली. निवडता निवडता मी पहिल्यांदा त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, या आत्याबाई, तुमाले बी जागा हाय.

मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर सूप पुन्हा कपाटावर गेलं असतं.