एडक्याचं दूध

आमच्या धनगर घराण्याची वंशावळ पिढ्यान्पिढ्या लिहिणारा हेळवी अंगणात बसून नावं वाचत होता. बाप, आजा, पणजा... सात पिढ्यांत बाई एकही नाही. मेंढरांमागं जन्मभर रान तुडवणारी माझी आई ऐकत होती.

"माझं नाव कुठाय?" तिनं विचारलं.

"बायांची लिहीत न्हाईत, आक्का."

आईनं कळपाकडं बोट केलं. "ती भुरी. तिची आई चांदी, चांदीची आई काळी. मेंढराचं घराणं आईवरनं वळखत्यात. आन् माणसाचं?"

त्यानं चोपडी मिटली. मी तिची लेक; त्या चोपडीत माझंही नाव नव्हतं, आणि आजवर मला ते खटकलंही नव्हतं. त्याचाच जास्त संताप आला.

जाताना त्यानं रिवाजाप्रमाणं मेंढी मागितली.

"एडका ने," आई कडाडली. "बापांचीच नावं वाचलीस ना? मग दूधबी त्याचंच काढ!"