ग्वाल्हेरची गोळी, इंदूरची गोळी

ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थानांच्या विलीनीकरणानंतरची काही वर्षं आमचं सरकार ट्रंकांमध्ये राहायचं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. ऊन तापलं की फायली ट्रंकांत भरून पडावाच्या रस्त्याने स्टेशनवर न्यायच्या आणि थंडी पडली की त्याच फायली, बहुतेक न उघडता, परत आणायच्या. माझे वडील त्या फायलींबरोबर जात आणि येत. दोन संस्थानांच्या नोकरदारांची मिळून एकच ज्येष्ठतेची यादी लावणं हे त्यांचं काम. ग्वाल्हेरचा एक माणूस वर चढला आणि इंदूरचा खाली राहिला, तर बाबांना जेवण जात नसे.

घरातही हाच कारभार. आईचं माहेर इंदूरचं, त्यामुळे आमच्याकडे दिवाळीत इंदूरचा चिवडा आणि ग्वाल्हेरची तिळाची गजक एकाच आकाराच्या वाट्यांत मांडली जायची. गजक संपली की चिवडा उचलून ठेवत. मला याचा तेव्हाही राग यायचा, कारण मला चिवडा जास्त आवडायचा.

बाबांना संधिवात होता. दरबारच्या नोकरीत तासन्‌तास उभं राहून गुडघे गेले असं ते म्हणत. आई म्हणे, वडिलांकडूनच आलेत. थंडीत गुडघे पावासारखे फुगायचे. नई सडकेवरच्या आमच्या डॉक्टरांनी त्यांना सूज उतरवणारी नवी गोळी दिली आणि बजावलं, "रावसाहेब, जेवण झाल्यावरच खायची. तिच्यासोबत दुसरी कोणतीच दवाई नाही. पोटात जळजळ झाली तर लगेच येऊन सांगायचं." बाबांनी घरी येऊन वैद्यांचा काढा मोरीत ओतला. दुसरी दवाई म्हणजे काढा, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

मग उन्हाळा आला, ट्रंका इंदूरला गेल्या. तिथे मामांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना बाबांचे गुडघे दाखवले. त्यांनीही गोळी दिली. ग्वाल्हेरची गुलाबी होती, ही पांढरी. आधीपासून काही घेता का, असं त्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "काढा होता, तो बंद केला." गुलाबी गोळीचं नाव त्यांनी काढलं नाही. इंदूरच्या डॉक्टरांसमोर ग्वाल्हेरच्या डॉक्टरांचा विषय काढणं त्यांना अशिष्टपणाचं वाटलं.

आता दोन गोळ्या झाल्या. एक सोडावी तर ग्वाल्हेरचा अपमान, दुसरी सोडावी तर मामांचा. बाबांनी दोन्ही चालू ठेवल्या. जेवण झालं की पाटावर बसूनच दोन्ही घ्यायचे. आधी कोणती, हा प्रश्न त्यांना काही दिवस छळत होता. शेवटी एका आठवड्यात गुलाबी आधी आणि पुढच्या आठवड्यात पांढरी आधी, असा तोडगा निघाला. मी एकदा विचारलं, "बाबा, पोटात गेल्यावर त्यांना कसं कळणार कोण आधी आलं?" ते म्हणाले, "त्यांना नाही कळलं तरी मला माहीत आहे ना."

गुडघ्यांची सूज मात्र खरंच उतरली. परत आल्यावर बाबा पंगतीत मांडी घालून बसले, जिने चढले, येईल त्याला गुडघा वाकवून दाखवू लागले. एकीकरण यशस्वी होतं ते असं, असं शेजाऱ्यांना सांगत सुटले.

त्याच सुमारास ते ताटातलं अर्धं टाकू लागले. छातीखाली जळतं म्हणून गार दूध पीत. चेहरा पांढरा पडला. आई म्हणाली, "अहो, डॉक्टरांना एकदा दाखवून या. तुमची तबियत मला ठीक नाही दिसून राहिली." बाबा म्हणाले, कामं तुंबली आहेत. आता राजधानी कायमची भोपाळला जाणार होती आणि त्याआधी ज्येष्ठता लागायची होती. मग एका सकाळी त्यांनी आईला हळूच सांगितलं की शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. आईने पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं. बाबांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला: काराळ्याची चटणी बंद.

आईची काराळ्याची चटणी आमच्या सगळ्या लश्कर भागात प्रसिद्ध होती, आणि रंगाने काळी होती. एवढाच तिचा गुन्हा. बरणी फडताळात सगळ्यात वर गेली. चटणी बंद झाली, काळं काही बंद झालं नाही. बाबा म्हणाले, जुना साठा असेल.

भोपाळच्या ट्रंका भरायच्या दिवशी ते एका ट्रंकेवर बसले ते उठेचनात. ओठ कागदासारखे दिसत होते. त्यांना टांग्यातून घरी आणलं. आईने नई सडकेवरच्या डॉक्टरांना बोलावलं आणि न विचारता गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. डॉक्टरांनी लेबलं वाचली, पुन्हा वाचली.

"रावसाहेब, ही दोन्ही एकच दवाई आहे. कंपन्या वेगळ्या, म्हणून नावं वेगळी. तुम्ही दुप्पट खाऊन राहिला होतात. पोटात जखम झाली आहे, तिच्यातून खून वाहतोय. काळं दिसलं त्याच दिवशी गोळ्या थांबवून यायला हवं होतं."

बाबांनी डोळे उघडले. "एकच? मग दोघींपैकी सीनियर कोणती?"

"दोन्ही बंद," डॉक्टर म्हणाले.

बाबा लगेच तयार झाले. एकच बंद केली असती तर त्यांनी नक्की अपील केलं असतं. पण त्यांना पुन्हा टांग्यात घालून हॉस्पिटलकडे निघालो तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला रडू आलं. ते घाबरले होते. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना रक्त चढवावं लागलं. ट्रंका त्यांच्याशिवायच भोपाळला गेल्या. गुडघे पुन्हा फुगले, हातात काठी आली. डॉक्टर एकच ठेवायचे असं ठरलं. कुठलीही गोळी आधी त्यांना दाखवायची आणि मगच खायची. आई आता जेवताना बाबांच्या शेजारीच पान घेऊन बसू लागली, त्यांच्या हातावर लक्ष ठेवायला.

पथ्य संपलं त्या दिवशी तिने बरणी खाली काढली आणि त्यांच्या पानात चटणी वाढली. बाबांनी चटणीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत एवढा एकच अन्याय झाला माझ्या हातून. हिचा काहीच दोष नव्हता."

"चटणीचं सोडा," आई म्हणाली. "मी दोनदा डॉक्टरांचं नाव घेतलं होतं. मी विधवा होता होता राहिले, ते कुठे मांडणार आहात?"

बाबांनी आपल्या पानातली चटणी उचलली आणि आईच्या पानात वाढली. मला वाटलं, अर्धी वाढतील. त्यांनी सगळी वाढली.