जाळी काढण्यात आली होती

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत टायपिंग करून देणाऱ्या बाई रागीट आहेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जिन्यात पाय वाजवला तरी त्या वरून ओरडत. तरीही कथा-कादंबऱ्या लिहिणारी हौशी माणसं आपल्या वह्या घेऊन त्यांच्याकडेच येत. बाईंना कसलंही अक्षर लागायचं, हे एक कारण. दुसरं कारण कोणी उघड सांगत नसे. बाई टाइप करताना वाचत, आणि वाचलेलं मनात ठेवत नसत.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आपली पहिली कादंबरी घेऊन आला, तेव्हा बाईंनी चाळिसाव्या पानावर हात थांबवले.

"तुमची नायिका पहिल्या पानापासून खिडकीत उभी आहे. पाय दुखत नाहीत का तिचे?"

"ती जरा भावनाप्रधान आहे," कंपाउंडर म्हणाला.

"असू दे की. भावनाप्रधान माणसांनासुद्धा भांडी घासावी लागतात. ती पोटाला काय करते? सकाळी उठून कुठे जाते? तिला काम द्या. कामात हात असला की माणूस आपोआप बोलायला लागतो."

बँकेतली एक मुलगी कथा लिहायची. तिची पात्रं कधी नुसती 'म्हणत' नसत. उद्गारत, पुटपुटत, गरजत. बाईंनी तिला सुनावलं, "'म्हणाला' लिहायला काय धाड भरलीय? 'म्हणाला' वाचकाच्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. 'उद्गारला' लिहिलंस की मधे तू कडमडलेली दिसतेस." आणि जाता जाता, "मोठ्यानं वाचून बघ. दम लागेल तिथे वाक्य तोड. लाज वाटेल तिथे थांब. तिथे एक तर फार खोटं असतं, नाहीतर फार खरं."

माणसं तोंड पाडून जिना उतरत, आणि आठवडाभरानं सुधारलेली पानं घेऊन पुन्हा चढत. "बाई, तुम्ही स्वतः का लिहीत नाही?" असं कोणी विचारलं तर बाई म्हणत, "मला वेळ नाही." विषय संपला.

दुपारी बाईंची धाकटी बहीण येऊन शेजारच्या खुर्चीत बसे. काम मोठं असलं की धाकटी मोठ्यानं वाची आणि बाई टाइप करत. धाकटीच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तीन बोटं विसाव्या वर्षी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात गेली होती. त्या दोन बोटांच्या चिमटीत ती पान इतक्या सफाईनं उलटायची, की नवीन माणसाच्या ते लक्षातही येत नसे. स्वभावानं ती बाईंच्या अगदी उलट, हसरी. बाई म्हणत, "घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आणि हिला काही उरलाच नाही."

त्या वर्षी एका ड्रायव्हरनं सहा जाडजूड वह्या आणून दिल्या. साहेब निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं तो म्हणाला. वहीवर टोपणनाव होतं. कादंबरी एका कारखान्याच्या सहृदय व्यवस्थापकाची होती. पहिल्या तीन वह्या बाईंनी धुसफुसत टाइप केल्या. "हा माणूस तीनशे पानं नुसता लोकांना माफ करतोय," त्या म्हणाल्या. धाकटी हसली आणि तिनं चौथी वही उघडली.

ती वाचत होती, बाईंची बोटं चालत होती.

"'त्या अभागी दिवशी यंत्राची जाळी काढण्यात आली होती. ती मुलगी आपल्याच स्वप्नांत हरवलेली होती. क्षणार्धात अघटित घडले. व्यवस्थापकांनी खिशातला शुभ्र रुमाल काढून तिच्या रक्तबंबाळ हाताला बांधला. त्या मुलीची तीन बोटे…'"

धाकटीचा आवाज थांबला. बाईंनी 'तीन बोटे' टाइप केलं आणि मगच त्यांना काय टाइप केलं ते कळलं.

धाकटी पान उलटून पुढचं मनातल्या मनात वाचत राहिली. मग हसायलाच लागली.

"रुमाल म्हणे! ताई, रुमाल! मशीन पुसायचं फडकं होतं गं ते, तेलानं बरबटलेलं. आणि हा मॅनेजर कुठून आला बांधायला? हा वर केबिनमध्ये होता. खाली आला तो ओरडतच, की मशीन कोणी बंद केलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं झाली होती, पण त्यांना सगळं पाठ होतं. कापायच्या पात्यापुढे लोखंडी जाळी असायची, म्हणजे हात आत जाऊ नये. जाळीमुळे हात हळू चालतात, माल कमी निघतो, म्हणून मॅनेजरनं त्या सोमवारी सगळ्या मशीनच्या जाळ्या काढायला सांगितल्या. फिटरनं काढल्या. गुरुवारी धाकटीची बोटं गेली.

"काढण्यात आली होती!" बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "कोणी काढली ते लिहायला याचे हात झडले का? तीनशे पानांत प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. साहेब चहा पितात, साहेब विचार करतात, साहेब उदार होतात. आणि नेमकं इथे कोणीच नाही? वाऱ्यानं उडाली का जाळी?"

धाकटीचं हसू ओसरलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, हे वाक्य त्याच्या आधी तू लिहिलंयस."

"मी?"

"माझा जबाब. 'सदर दिवशी यंत्राची जाळी काढण्यात आली होती याची मला कल्पना होती. तरीही माझ्या निष्काळजीपणामुळे…' कारखान्याचा क्लार्क मजकूर घेऊन आला होता आपल्याकडे. तूच टाइप केलास. मी डाव्या हातानं सही केली."

त्या वेळी बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवत्या या दोघीच. क्लार्कनं गोड बोलून सांगितलं होतं, सही झाली की धाकटीला बसून करायचं काम देऊ, नोकरी कुठे जात नाही. बाईंनी एकही चूक न करता पान टाइप केलं होतं. त्याचासुद्धा तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता.

"आणि आठ दिवसांनी मलाही काढण्यात आलं," धाकटी म्हणाली आणि पुन्हा हसली. पण बाईंना त्या दिवशी ते हसू सोसवलं नाही. उठून त्या उगाचच कपाट आवरायला लागल्या आणि दोन फायली दणादण खाली पाडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीवरच्या नंबरावर फोन केला. "कादंबरीत एक मोठी चूक आहे. ड्रायव्हर नको. स्वतः या."

साहेब आले. पंचाहत्तरीचे, इस्त्रीचे कपडे, जिना चढून धाप लागलेली. धाकटी नेहमीच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला ठेवलेली बाई असावी तशी नजर पुढे नेली.

बाईंनी वही उघडून वाक्यावर बोट ठेवलं. "हे. 'काढण्यात आली होती.' कोणी काढली?"

"म्हणजे?"

"कर्ता नाही वाक्याला. बाकी सगळीकडे आहे. वाचक इथे अडखळणार. जिथे लेखक लपतो तिथेच वाचकाला वास येतो. कोणी काढली, कोणी काढायला सांगितली, ते लिहा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि समासात टिपून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. चांगली सूचना आहे. तांत्रिक दोष राहून गेला."

बाई त्या चाललेल्या पेनाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं माणसं त्यांच्या बोलण्यानं रडत, चिडत, भांडत. हा माणूस मन लावून ऐकत होता!

धाकटीनं आपला उजवा हात उचलून वहीवर ठेवला. "तांत्रिक नाही, साहेब," ती म्हणाली. "तीन नंबरचं मशीन. खिडकीकडचं."

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या वेळी सगळे कागद रीतसर झाले होते," ते म्हणाले. "तुमची सही आहे."

"कागद मी टाइप केला होता," बाई ओरडल्या. "खोटा होता तो. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. आता निदान गोष्टीत तरी खरं लिहा! गोष्टीत कोण तुम्हाला पकडायला येतंय?"

"ही कादंबरी आहे, बाई. काल्पनिक असते कादंबरी. लेखकाला स्वातंत्र्य असतं."

"मग राक्षस लिहा, परी लिहा. हिची बोटं कशाला घेतलीत?"

साहेबांनी वह्या गोळा केल्या. दारात थांबून म्हणाले, "तुम्ही टायपिस्ट आहात. टायपिस्टनं टायपिस्टसारखं राहावं." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

वर्ष गेलं. एक दिवस कंपाउंडर नवं कोरं पुस्तक घेऊन आला. "बाई, यात बहुतेक तुमचाच उल्लेख आहे," तो कौतुकानं म्हणाला. वर साहेबांचं टोपणनाव होतं. सुरुवातीच्या पानावर छापलं होतं, 'भाषेविषयी मोलाची सूचना करणाऱ्या एका टंकलेखिकेचा मी ऋणी आहे.'

बाईंनी घाईघाईनं तो प्रसंग शोधला. वाक्य बदललं होतं. 'त्या अभागी दिवशी त्या मुलीने यंत्राची जाळी स्वतःच काढली होती.'

कर्ता घातला होता. बाईंनी सांगितला होता तस्साच, वाक्यात बरोबर जागेवर.

बाईंनी पुस्तक भिंतीवर फेकलं. कंपाउंडर घाबरून दाराशी सरकला. "निघा तुम्ही!" त्या त्याच्यावरच कडाडल्या. "आणि आजपासून माझ्याकडे सल्ला मागायला येऊ नका. चोराच्या हातात किल्ली देते मी. वाक्य दुरुस्त करायला शिकवते, आणि माणसं त्यातून खोटं आणखी गुळगुळीत करतात!" त्या आठवड्यात त्यांनी तीन जणांच्या वह्या परत केल्या. बँकेतली मुलगी जिन्यातूनच माघारी गेली.

धाकटीनं पुस्तक उचललं, ते पान वाचलं, आणि या खेपेला ती हसली नाही.

"बस खुर्चीत," ती म्हणाली. "मी सांगते, तू टाइप कर."

दोघींची रोज दुपारी भांडणं सुरू झाली. 'मी वेदनेने किंकाळी फोडली' असं बाईंनी टाइप केलं तर धाकटी म्हणाली, "मी ओरडले नव्हते. खोक्यावर रक्त पडलं तर खोका बाद धरतील, हेच आधी मनात आलं. मी खोका बाजूला सारला."

"असं कसं लिहू? कोणाला पटेल?"

"आणि लोकांना काय सांगतेस तू? हात कामात असू दे म्हणून? माझा होता की कामात."

बाईंनी किंकाळी खोडली. पण जबाबाचा प्रसंग आला तेव्हा त्या तीन दिवस अडकून राहिल्या. पहिल्या दिवशी 'जबाब टाइप झाला' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'जबाब तयार करून घेतला गेला'. धाकटी नुसती चिमटीत कागद धरून त्यांच्यापुढे करत राहिली. तिसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं, 'माझ्या मोठ्या बहिणीने जबाब टाइप केला. तो खोटा आहे हे तिला माहीत होते.' मग त्या तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

अकरा पानं झाली. वाचनालयाच्या वार्षिक अंकात ती छापून आली, धाकटीच्या नावावर. कादंबरीसाठी साहेबांचा सत्कारही त्याच महिन्यात झाला. त्यांच्याकडून चिठ्ठी नाही, फोन नाही, काही नाही. बाईंचा राग तसूभरही कमी झाला नाही. फक्त हळूहळू त्या पुन्हा लोकांच्या वह्या घ्यायला लागल्या, आणि पहिल्याच भेटीत विचारायला लागल्या, "यातलं कोणाचं काय घेतलंय तुम्ही? त्याला विचारलंत का?" निम्मी माणसं तिथूनच परत जात. जाऊ देत, बाई म्हणत.

एका सकाळी साठीची एक अनोळखी बाई जिना चढून आली. हातात तो अंक होता, पान दुमडलेलं.

"तुम्ही लिहिलंय, फिटरनं जाळ्या काढल्या," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "माझा नवरा होता तो. काढल्या त्यानं, मी नाही म्हणत नाही. पण तो दोनदा नाही म्हणाला होता साहेबाला. ते तुम्ही लिहिलं नाहीत."

"आम्हाला कुठून कळणार?" बाईंचा आवाज चढलाच. "नाही म्हणाला होता, तर चौकशीत का बोलला नाही?"

"तुम्ही का नाही बोललात?"

धाकटी त्या दिवशी लवकर येऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं उठून त्या बाईला स्वतःची खुर्ची दिली. मग बाईंनी घुश्शातच कीबोर्ड पुढे ओढला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा नाही म्हणाला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

"पाना," ती बाई म्हणाली. "बारा नंबरचा. त्यानं तो खिशात घालून टाकला."