आधी गाव, मग नाव

आमच्या गावात वाईट बातमी सांगायची एक रीत होती. पारनेर तालुक्यातलं गाव आमचं. सांगावा घेऊन आलेला माणूस गेलेल्याचं नाव आधी कधीच घेत नसे. तो ओसरीवर टेकायचा, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि ठिकाणापासून सुरुवात करायचा. "नगरच्या दवाखान्यात... काल दिस मावळताना..." एवढं कानावर पडलं की घरातल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. नाव शेवटी. तोवर ऐकणाऱ्यानं भिंतीचा नाहीतर खांबाचा आधार घेतलेला असायचा, आणि रीत त्यासाठीच होती. चांगल्या बातमीला असलं काही लागत नसे. "पोरगी सुटली, मुलगा झाला!" असं वेशीपासूनच ओरडत यायचे लोक.

मी तेव्हा नववीत होते. इंग्रजीचे सर नगरहून आलेले, गावात खोली घेऊन राहणारे. जीव तोडून शिकवायचे. इंग्रजीत करणारा पहिला येतो, मग क्रिया, मग बाकीचं, हे त्यांनी आमच्या टाळक्यात कसंबसं बसवलं होतं. आणि एक दिवस फळ्यावर उलटंच लिहिलं. ऑन द हिल, अंडर अ ट्री, अॅन ओल्ड मॅन सॅट. टेकडीवर, झाडाखाली, एक म्हातारा बसला होता. सर म्हणाले, "इंग्रजाला कधीकधी करणाऱ्याला दारात थांबवायचं असतं. आधी जागा दाखवा, वेळ दाखवा, स्वल्पविराम द्या, श्वास घ्या. आधी भालदार-चोपदार, मग महाराज!"

मी शेजारच्या मैत्रिणीच्या कानात म्हटलं, "म्हातारा मेला वाटतं." ती खुसूखुसू हसली आणि सरांनी आम्हा दोघींना उभं केलं. हसू माझ्याही तोंडावर होतं, पण बोलून गेल्यावर मी जीभ चावली. कारण दादा लढाईवर गेलेला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकाहत्तरची लढाई थांबून बरेच दिवस झाले होते. गावातल्या दुसऱ्या शिपायांची पत्रं आली, दादाचं आलं नाही. आई पोस्टमनला दुरून बघायची आणि तो पुढं निघून गेला की परसात जाऊन उगाच शेणी हलवत बसायची. वहिनी तर काहीच विचारत नसे. लग्नाला तिच्या फार दिवस झाले नव्हते. दादा जाताना शेळी गाभण होती, त्या शेळीचं सगळं वहिनी स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी एस.टी.नं एक शिपाई उतरला. काळासावळा, दक्षिणेकडचा, एक हात गळ्यात बांधलेला. दादाच्या पलटणीतला. नगरजवळ भिंगारच्या छावणीत त्याची बदली झाली होती, तिथून घर शोधत आला होता. मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी मात्र बऱ्यापैकी. आईनं तांब्याभर पाणी दिलं. तो गटागट प्यायला. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पाणी प्याला गं. वाईट सांगाया आलेला मानूस पाणी घेत न्हाई." तिचा चेहरा मी विसरणार नाही. केवढी आशा होती त्या बाईला!

कुणीतरी पळत जाऊन सरांना घेऊन आलं. ओसरी माणसांनी भरली. वहिनी आतल्या दाराशी, चौकटीआड, मी तिच्या पुढ्यात. शिपाई उठून उभा राहिला. येताना एस.टी.त त्यानं वाक्य घोकलं असणार, कारण शाळेतल्या कवितेसारखं थांबून थांबून म्हणू लागला. इन द हॉस्पिटल अॅट पूना... आणि श्वास घेतला. सर चांगले शिक्षक होते. तुकडा आला तसा त्यांनी मराठीत दिला.

"पुण्याच्या दवाखान्यात..."

बस्स. एवढंच. सरांना आमची रीत काय माहीत! शिपायाला तर कुठून असणार! पण ओसरीवरच्या एकूण एक माणसाला कळायचं ते कळलं. आईनं खांब धरला. आणि माझ्या मागं काड् काड् आवाज झाला. वहिनीनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले होते. हिरव्या काचा माझ्या पायाशी आल्या.

शिपाई गोंधळून पुढचं बोलतच होता. सर हात वर करून ओरडत होते, "अहो, ऐका तरी! पुरतं ऐका!" हंबरड्यात कोण ऐकतंय? मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. पुण्याच्या दवाखान्यात, पायाच्या ऑपरेशननंतर, तुमचा मुलगा बरा होतो आहे, आणि शेळी व्याली का म्हणून विचारतो आहे.

"दादा हाय!" मी किंचाळले. "आये, दादा जित्ता हाय!"

वहिनी उंबऱ्याशी तशीच बसली होती. मनगटांतून रक्त. तिनं शिपायाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "खरं?" मग हातांकडं बघितलं. एवढ्या आनंदाच्या वेळी इतकं भ्यालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

कारण नवरा जिवंत असताना तिनं चुडा फोडला होता. आईनं वहिनीच्या हातचा चहा काही दिवस घेतला नाही. बायकांनी सांगितलं, उद्याच्या उद्या कासाराला बोलाव, भरून घे, झालं गेलं विसर. वहिनी ऐकेना. "तेंनी येऊ द्या. तेंच्यासमोर भरीन." संक्रांत आली. घरोघरी हळदीकुंकू झालं, आमच्या वहिनीला कुणी बोलावलं नाही. रिकाम्या हातांनी ती शेळीपाशी बसून राहायची. मला त्या सगळ्या बायांचा असा राग आला होता म्हणता! अजून येतो.

उन्हाळ्यात दादा आला. कुबड्यांवर. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दादानं ओसरीवर बूड टेकलं आणि पहिली नजर गेली ती वहिनीच्या मनगटांवर. सगळं मीच सांगितलं. त्यानं कुबड्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, "येडे, नाव येईस्तवर तरी थांबायचं."

"न्हाई निघाला दम," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कासार आला. दादा शेजारी बसून होता. प्रत्येक बांगडी चढताना वहिनी डोळे मिटून घेत होती. हिरव्याच भरल्या, पहिल्यासारख्या.

मी पुढं इंग्रजीचीच शिक्षिका झाले. करणाऱ्याला दारात थांबवणारी ती वाक्यं मीही फळ्यावर लिहिली, टेकडी आणि म्हाताऱ्यासकट. पोरं पाठ करायची. त्या हिरव्या काचांचं मी कुणाला सांगितलं नाही.

दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. शेवटी नगरच्या दवाखान्यात होता, मी त्याच्या उशाशी. पहाटे गेला. घरी वहिनी एकटी, म्हणून सांगायला मीच गावी आले. सगळ्या वाटेनं एकच विचार, सुरुवात कुठून करू? ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून हात थांबला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घेतला नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "नगरच्या दवाखान्यात..."

आणि श्वास घेतला. तिनं दोन्ही मनगटं पदराखाली घेतली आणि घट्ट धरून ठेवली. बांगड्या वाजल्यासुद्धा नाहीत.

"बोल पुढं," ती म्हणाली. "या खेपंला मी समदं ऐकनार हाय. नाव घेतल्याबिगर मी हात काढायची न्हाई."

मी नाव घेतलं. दादा नाही म्हटलं, पाळण्यात ठेवलेलं नाव घेतलं. तिनं ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं, आणि मग पदराखालून हात बाहेर काढले.