माय फादर सिट्स इन पार्किंग

इंग्रजीच्या सरांचा निरोपसमारंभ ठरला आणि माजी विद्यार्थ्यांतर्फे चार शब्द बोलायला मला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पंधरा वर्षं मी याच माइकची वाट बघत होते.

आमचे बाबा रविवारी तानसा धरणापाशी पर्यटकांच्या गाड्या लावून द्यायचे आणि दिवसभर त्या राखत बसायचे. धाकट्या बहिणीने नववीच्या निबंधात लिहिलं, ‘माय फादर सिट्स इन पार्किंग.’ सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. पार्किंग म्हणजे गाडी लावणं, जागा नव्हे, एवढं सांगून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी विचारलं, “कोणी पार्क केलं गं तुझ्या बापाला?” वर्ग खदखदून हसला. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हाच किस्सा त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितला. दहावीला बहिणीने शाळेत पाय ठेवला नाही. सर मात्र पुढेही दरवर्षी तो किस्सा सांगत राहिले.

मी आता वाशिंदला घरी बसून परदेशी हॉटेलांची माहिती तपासते. पहिल्याच आठवड्यात एका फ्रेंच हॉटेलाच्या पानावर पार्किंग दिसलं. अर्थ होता गाड्यांची जागा, अगदी बहिणीने लिहिला होता तोच. माझं डोकं भणाणलं. मग मी हात धुऊन त्या शब्दाच्या मागे लागले. स्पेनमध्ये तेच, पोलंडमध्ये तेच, बल्गेरियातही तेच. इंग्रजांचा शब्द सगळ्यांनी उचलला आणि आपल्याला हवा तसा वापरला, कोणी कोणाला वर्गात उभं केलं नाही. जर्मनांनी तेवढा वेगळा शब्द ठेवलाय. त्यांचा मला उगीचच राग आला.

समारंभात मी एकेक देश सावकाश सांगितला. सर खुशीत मान डोलावत होते, ही माझी विद्यार्थिनी म्हणून शेजारच्याला दाखवत होते. मग मी निबंधातलं ते वाक्य म्हटलं आणि त्यावर सर काय बोलले होते तेही, त्यांच्याच सुरात. “आता अर्ध्या युरोपला हसून दाखवा, सर,” मी म्हटलं. मंडपात कोणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. “ती मुलगी आता कुठे असते गं? मला तिची माफी मागायची आहे.”

बहीण माझ्या शेजारीच उभी होती. आमच्या पाड्यावरच्या बायकांबरोबर ती चहा वाटायला आली होती, आणि सरांनी हातातला कप तिच्याच ट्रेमधून उचलला होता. मी तोंड उघडणार, तोच ती बोलली.

“ती शाळेत येत नाय, सर,” ती म्हणाली आणि चहा घेऊन पुढच्या रांगेकडे गेली.