घरात मराठी बंद

हे मी नीलेशलासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकमेकांचे पासवर्ड पाठ आहेत, पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणूनच.

आधी मोरागबद्दल सांगते. त्या नसत्या तर यातलं काहीच सावरलं नसतं. स्टुटगार्टला आम्ही चढावरच्या एका जुन्या इमारतीत राहायचो, आणि तळमजल्यावर मोराग. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या स्कॉटलंडच्या. जर्मन माणसाशी लग्न करून तरुणपणी इकडे आल्या, नवरा गेल्यावर एकट्याच राहत होत्या. २०१४ साली स्कॉटलंडने वेगळं व्हायचं की नाही यावर तिकडे मतदान होतं. इमारतीतले लोक त्यांना जिन्यात गाठून विचारायचे, तुम्ही काय करणार? मी तिथे राहत नाही, मला मतच नाही, एवढं सांगून त्या पिशव्या उचलून आत जायच्या. त्यांचं इंग्रजी मला आधी निम्मंच कळायचं, माझं त्यांना त्याहून कमी. मग आम्ही जर्मनवर यायचो – जी दोघींचीही नव्हती.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या. अर्णव तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, नीलेशची नोकरी शेजारच्या गेर्लिंगेन गावात. आम्ही दोघंही संध्याकाळीच घरी. अर्णवला बालवाडीतून – इथे किटा म्हणतात – आई घेऊन यायच्या. आई म्हणजे सासूबाई. आणि तो आल्यापासून झोपेपर्यंत त्या दोघांचं जे बोलणं चालायचं! कावळा काय म्हणाला, भोपळा कुठे गेला, पणजोबांच्या म्हशीचं नाव काय होतं. आमच्या घरात एवढी मराठी मी कधी ऐकली नव्हती. माझी स्वतःची मराठी तोवर निम्मी इंग्रजी आणि पाव जर्मन झालेली.

एका संध्याकाळी आईंऐवजी मी अर्णवला आणायला गेले, तेव्हा किटातल्या बाईंनी मला थांबवलं. अर्णव खेळता खेळता इतर मुलांशी मराठीत बोलतो, मुलांना कळत नाही, मुलं हसतात, असं त्या म्हणाल्या. पण लगेच पुढे हेही म्हणाल्या, की घरी तुमची भाषा बोलत राहा, जर्मन आम्ही बघतो, त्याची काळजी करू नका. हे दुसरं वाक्य अगदी नीट, सावकाश, मला समजावं म्हणून दोनदा म्हणाल्या.

घरी येऊन मी काय सांगितलं?

मी सांगितलं, बाई म्हणाल्या घरात मराठी बंद करा. मुलाचा गोंधळ होतोय.

असं एका दमात बोलले, चप्पल काढता काढता. नीलेशने मान हलवली. अशा बाबतीत शाळेचं ऐकावं, हे त्याला पटलेलंच होतं. दुसऱ्या दिवसापासून आईंनी नातवाशी बोलणं थांबवलं. वाद नाही, रुसवा नाही – ज्या गोष्टीने लेकराचं नुकसान होतं ती करायची नाही, एवढंच. अर्णव मांडीवर चढून गोष्ट मागायचा, तर त्या ओठांवर बोट ठेवायच्या. कोम म्हणजे ये, गूट म्हणजे छान, असे चार जर्मन शब्द त्याच्याकडूनच शिकल्या आणि तेवढ्यावर दिवस काढू लागल्या. रोज संध्याकाळी मी हे बघत होते. आणि वरण गरम करत होते.

का केलं मी असं? कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, की मुलं हसतात हे ऐकून मी घाबरले. इथे रुजायचं तर भाषा हवी, कुठल्याही आईने हेच केलं असतं. पण ते खरं नाही. थांबा, सांगते, जरा वेळ द्या.

आईंना बोलायला उरल्या त्या मोराग. दुपारी दोघी मागच्या अंगणात बसायच्या. मोरागला मराठी येत नाही, म्हणजे तिच्याशी बोललं तर कुणाचं नुकसान नाही – असा आईंचा हिशेब असावा. एकदा मी लवकर घरी आले तेव्हा जिन्याच्या खिडकीतून ऐकलं. आई त्यांना म्हशीची गोष्ट सांगत होत्या. हातवारे करून, आवाज बदलून, अर्णवला सांगायच्या तश्शी. आणि मोराग एक अक्षर कळत नसताना पुढे वाकून ऐकत होत्या.

त्या संध्याकाळी मोराग वर आल्या. आईंना स्वयंपाकघरात ठेवून त्यांनी मला बाहेर जिन्यात घेतलं आणि विचारलं, ही मुलाशी का बोलत नाही? मी तेच सांगितलं – किटातल्या बाईंनी मना केलंय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसल्या आणि त्यांच्या आजीबद्दल बोलू लागल्या.

आजी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची. तिची भाषा गॅलिक. मोरागच्या आईला लहानपणी शाळेत गॅलिक बोलल्याबद्दल मार बसला होता, म्हणून ग्लासगोला आल्यावर तिने ठरवलं, आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजीच पडेल. म्हातारपणी आजी त्यांच्याकडे राहायला आली. शेवटी शेवटी इंग्रजी विसरली, फक्त गॅलिक उरलं. मोराग तेव्हा दहा-अकराच्या. आजी पलंगावरून त्यांच्याकडे बघून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणायची. कळायचं नाही, म्हणून त्या दारातच उभ्या राहायच्या, आणि मग खेळायला पळायच्या. तो आवाज मात्र कानात राहिला. पुष्कळ वर्षांनी, लग्नानंतर, स्कायच्या एका बाईला त्यांनी तो जमेल तसा म्हणून दाखवला.

"'इकडे ये, जवळ बस.' एवढंच म्हणत होती ती," मोराग म्हणाल्या. "मी दारातच उभी राहिले."

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खाली गेल्या. मला काही विचारलं नाही, काही सुचवलंही नाही.

तेव्हा तरी मी खरं सांगायचं होतं, नाही? आत आई भाजी निवडत होत्या. मी आत गेले आणि म्हणाले, मी किटात पुन्हा विचारलं, आता हरकत नाही म्हणाल्या. म्हणजे खोटं मिटवायला आणखी एक खोटं. आईंचे डोळे भरून आले.

"बरं झालं गं मधुरा, तू विचारून आलीस. मला काही धीर झाला नसता."

माझे आभार मानले त्यांनी. माझे!

पुढच्या वर्षी किटाच्या उन्हाळी मेळाव्यात त्या बाई सहज बोलून गेल्या, की मोराग इथे दर आठवड्याला मुलांना पुस्तकं वाचून दाखवतात, आणि गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, मराठी बोलू नका असं तुम्ही कुठल्या आईला सांगितलंत का? माझ्या हातातला केकचा तुकडा तसाच राहिला. नीलेशकडून त्यांच्या कानावर आधीच गेलं असणार; म्हणजे जिन्यात मला विचारलं तेव्हाच मोरागना खरं माहीत होतं. पकडता आलं असतं मला, आईंसमोर उघडं पाडता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी आपल्या आजीची आठवण माझ्या हाती दिली, आणि परतीची वाट मोकळी ठेवली. त्यांचे आभार मी कसे मानायचे? मानले नाहीत. त्यांना आवडतो म्हणून रव्याचा लाडू मात्र करून नेत राहिले. त्याही मुकाट्याने खात राहिल्या. आज अर्णव घरात जर्मन बोलतो, पण सांगलीला फोन लागला की तोडकंमोडकं का होईना, मराठीत सुरू होतो. ते मोरागचं देणं आहे.

आणि कारण? मी घरी आले की अर्णव दारापर्यंत यायचा नाही. आईंच्या मांडीवरून मान वळवून बघायचा आणि पुन्हा गोष्टीत. एकदा मी जवळ घ्यायला गेले तर म्हणाला, थांब ना, आजी बोलतेय. मला ते सहन झालं नाही. जर्मनची भीती नव्हती, मुलांच्या हसण्याचीही नव्हती. मला माझ्या मुलाकडून त्याची आजी काढून घ्यायची होती.

मागच्या दिवाळीत सांगलीला गेलो, तेव्हा आईंनी शेजारणींसमोर अर्णवला पुढे केलं. परदेशात राहून नातू मराठी बोलतो, म्हणाल्या, ते आमच्या सुनेमुळे. शाळेशी भांडून आली ती त्याच्यासाठी. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हसले, आणि चहाचे कप उचलून आत गेले.